घरच्या घरी गिटार रेकॉर्डिंग: छोटी खोली, साधा कम्प्युटर आणि स्वच्छ आवाज



गिटार घेतली, कॉर्ड्स जमल्या, दोन-चार गाणी हाताखाली आली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हे रेकॉर्ड कसं करायचं? स्टुडिओत गेलं तर तासावर पैसे मोजावे लागतात आणि नवख्या माणसाचा पहिला तास नुसता धडधडण्यातच जातो. घरी करायचं म्हटलं तर व्हिडिओ बघून असं वाटतं, की भिंतीला फोम, टेबलावर दोन मोठे स्पीकर आणि मागे निळे दिवे असल्याशिवाय काही होणारच नाही.

मी घाटकोपर पश्चिमेला राहतो. घर वन रूम किचनचं, माणसं चार. खाली रिक्षांचे हॉर्न, लांबून लोकलची धडधड आणि डोक्यावरून उतरणारी विमानं, कारण मुंबई विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर पूर्वेकडून येणारी विमानं घाटकोपरवरूनच जातात. याच घरात मी गेली काही वर्षं माझी गिटार रेकॉर्ड करतोय. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: आपल्याकडच्या घरात माइकपेक्षा शांतता महाग असते. कुठलं सामान घ्यायचं, कधी वाजवायचं, खोलीत कुठे बसायचं, हे त्या शांततेच्या हिशोबाने ठरवलं तर कमी पैशातही लोकांना ऐकवण्यासारखं रेकॉर्डिंग होतं.

या लेखात आपण अगदी सुरुवातीपासून, क्रमाने सगळं पाहणार आहोत. हातात फक्त स्मार्टफोन असेल तरी वाचा, कारण पहिली पायरी फोनवरच आहे.

घरात खरंच होतं का?

होतं. ब्रूस स्प्रिंगस्टीनने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर गिटार वाजवून गाणी टेप केली. माइक होते शुअर एसएम५७. हेतू एवढाच, की बँडला गाणी समजावीत. पण बँडसोबत वाजवल्यावर ती मजा येईना, म्हणून शेवटी ती घरातली टेपच ‘नेब्रास्का’ या नावाने अल्बम म्हणून बाहेर आली. अलीकडचं उदाहरण बिली आयलिशचं. तिचा २०१९ चा पहिला अल्बम लॉस एंजेलिसमधल्या घरात, भावाच्या छोट्या बेडरूममध्ये तयार झाला आणि २०२० मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. स्टीव्ह लेसी या गिटारिस्टने तर केंड्रिक लामारच्या २०१७ च्या ‘प्राइड’ या गाण्याचं संगीत आयफोनवर बनवलं होतं.

या तिघांच्या घराखालून लिंक रोड जात नव्हता, हे मान्य. म्हणून आपली सुरुवात वेगळ्या ठिकाणी होते.

पायरी १: आधी घर ऐका, मग सामान घ्या

एक रुपयाही खर्च करण्याआधी हे करा. फोनचा रेकॉर्डर चालू करून ज्या जागी वाजवणार आहात तिथे ठेवा आणि काही न बोलता दोन मिनिटं रेकॉर्ड करा. सकाळी सहाला, दुपारी तीनला, रात्री अकराला, असं तीन-चार वेळा. मग इअरफोन लावून ऐका.

कानाला रोज न जाणवणारे आवाज तिथे ऐकू येतील: पंखा, फ्रिज, बाल्कनीतली कबुतरं, शेजारचा कुकर, रस्त्यावरचा भंगारवाला. त्यांचे दोन गट करा.

- आपल्या हातातले: पंखा, एसी, फ्रिज, ट्यूबलाइट, घरातला टीव्ही. हे दहा मिनिटं बंद ठेवता येतात. (फ्रिज परत चालू करायला विसरू नका. आठवण राहावी म्हणून मी घराची किल्ली फ्रिजवर ठेवतो.)
- हाताबाहेरचे: विमान, लोकल, ट्रॅफिक, मंडळाचा डीजे. यांची फक्त वेळ ओळखता येते.

माझ्या घरी पहाटे साडेपाच ते साडेसहा आणि दुपारी अडीच ते सव्वातीन, एवढाच वेळ बऱ्यापैकी शांत असतो. विमानं तेव्हाही येतात. पण दोन विमानांच्या मध्ये जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात गाण्याचं एक कडवं सहज होतं. म्हणजे अख्खं गाणं एका दमात वाजवायचा हट्ट सोडायचा आणि तुकड्या-तुकड्यात रेकॉर्ड करायचं. पुढे सॉफ्टवेअरमध्ये तुकडे जोडता येतात.

तुमच्या घरी दिवसात वीस मिनिटंही शांत नसतील तर निष्कर्ष सरळ आहे: माइकवर पैसे घालू नका, थेट वायरने रेकॉर्ड होणाऱ्या मार्गाकडे जा. तो मार्ग खाली दिला आहे.

आवाज कम्प्युटरमध्ये जातो कसा?

थोडक्यात समजून घेऊया, म्हणजे सेटिंगमधले आकडे घाबरवणार नाहीत.

तार हलते, हवा हलते. माइक त्या हालचालीचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतो. कम्प्युटर तो सिग्नल सेकंदाला हजारो वेळा मोजतो. सेकंदाला किती वेळा मोजलं, तो सॅम्पल रेट. सीडीसाठी ४४,१०० आणि व्हिडिओसाठी ४८,००० वापरतात. आपण ४८,००० ठेवूया.

प्रत्येक मोजमाप किती बारीक, ती बिट डेप्थ. १६ बिटमध्ये सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजातलं अंतर साधारण ९६ डेसिबल मावतं, २४ बिटमध्ये कागदावर १४४. म्हणून रेकॉर्ड करताना २४ बिट. त्याचा फायदा हा, की लेव्हल थोडी कमी ठेवली तरी आवाजाचं नुकसान होत नाही. जागेची चिंता नको: ४८,००० आणि २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी घेतो. चार मिनिटांच्या गाण्याचे पाच ट्रॅक म्हणजे पावणेदोनशे एमबीच्या आत.

पायरी २: तुमचा मार्ग निवडा

मार्ग अ: फक्त फोन (खर्च शून्य)

ॲकॉस्टिक गिटार असेल तर इथून सुरुवात करा. फोन चार-पाच पुस्तकांवर ठेवा आणि माइकचं बारीक भोक गिटारकडे करा. बहुतेक फोनमध्ये ते खालच्या कडेला, चार्जिंगच्या जागेजवळ असतं.

एक अडचण येते. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. फोन लहान आवाज आपोआप वाढवतो, मोठा आवाज दाबतो आणि सतत चालणारा आवाज ‘नॉइज’ समजून कापतो. लांबत जाणारी तार त्यालाही नॉइजच वाटते, म्हणून सूर मधेच गिळल्यासारखा येतो. रेकॉर्डर ॲपच्या सेटिंगमध्ये नॉइज रिडक्शनसारखा पर्याय असेल तर बंद करा आणि फॉरमॅट वेव्ह किंवा लॉसलेस निवडा. आयफोनच्या व्हॉइस मेमोमध्ये लॉसलेस हा पर्याय सेटिंगमध्ये मिळतो.

फाइल कम्प्युटरवर नेताना केबल वापरा. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हॉइस मेसेज म्हणून रेकॉर्ड केलंत तर आवाज फार दाबला जातो.

मार्ग ब: यूएसबी माइक

हा सरळ कम्प्युटरला लागतो. ॲकॉस्टिक गिटार आणि गाणं दोन्हीसाठी चालतो. पण बहुतेक यूएसबी माइक कंडेन्सर प्रकारचे आणि चांगलेच संवेदनशील असतात. गिटारचे बारकावे टिपतात, तसा खालचा रिक्षावालाही टिपतात. घर शांत असेल तरच घ्या.

मार्ग क: ऑडिओ इंटरफेस

हा एक छोटा डबा. एका बाजूला गिटारची जाड पिन किंवा माइकची केबल लागते, दुसऱ्या बाजूने यूएसबी निघून कम्प्युटरला जाते. इलेक्ट्रिक किंवा सेमी-ॲकॉस्टिक गिटारवाल्यांसाठी हाच खरा मार्ग. इथे माइक नसतोच, तारांचा सिग्नल थेट वायरने आत जातो. विमान जाऊ दे नाहीतर वरात, रेकॉर्डिंगमध्ये काही येत नाही.

आणखी एक फायदा पैशात मोजता येत नाही. हेडफोन लावून रात्री बारा वाजता वाजवलं तरी शेजारी फक्त तारांची टिकटिक होते. आमच्या मजल्यावर एका घरात दहावीची परीक्षा आणि एका घरात नाइट शिफ्टवाले काका आहेत. तुमच्याकडेही असं कोणीतरी असणारच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल आहे. तक्रार होण्याआधीच हेडफोन घेतलेले बरे.

लॅपटॉपच्या इअरफोनच्या भोकात कन्व्हर्टर लावून गिटार जोडू नका. गिटारच्या पिकअपला साधारण दहा लाख ओहम रोधाचा इनपुट लागतो आणि लॅपटॉपचा इनपुट त्या मानाने फारच कमी रोधाचा असतो. त्यामुळे आवाज बारीक आणि बसका येतो. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय झेड’ लिहिलेलं बटण असतं, ते याच कामासाठी.

काय घ्यायचं, काय नाही

मार्ग क साठी लागणारं सामान एवढंच:

1. एक किंवा दोन इनपुटचा इंटरफेस. साधे मॉडेल चार-पाच हजारांच्या आसपास सुरू होतात. फोकसराइट, बेहरिंगर, एम-ऑडिओ ही नावं सहज मिळतात.
2. कान पूर्ण झाकणारा वायरवाला हेडफोन.
3. गिटारची चांगली केबल, तीन मीटरपर्यंतची.
4. माइक घेणार असाल तर माइकचा स्टँडसुद्धा. हातात किंवा उशीवर माइक ठेवून काम होत नाही.

ब्लूटूथ इअरबड इथे अजिबात चालत नाहीत. त्यात आवाज कानापर्यंत यायला १०० ते २०० मिलिसेकंद किंवा जास्तच लागतात. १२० च्या टेम्पोत अर्धी मात्राच २५० मिलिसेकंदांची असते. म्हणजे तुम्ही आत्ता वाजवलेलं जवळजवळ अर्ध्या मात्रेने उशिरा ऐकू येणार. लय सांभाळणं अशक्य.

मोठे स्टुडिओ स्पीकर आणि भिंतीचा फोम पहिल्या वर्षी घेऊ नका. पातळ फोम खोलीतला फक्त तीक्ष्ण प्रतिध्वनी कमी करतो, बाहेरचा आवाज आत येणं थांबवत नाही. हप्त्यावर महागडा माइक घेणाऱ्यांनी तर पायरी १ पुन्हा वाचा. गोंगाटाच्या खोलीत महाग माइक गोंगाटच अधिक स्पष्ट पकडतो.

खरेदीला मुंबईत संगीताच्या सामानासाठी धोबी तलाव आणि केबल, कनेक्टर, अडॅप्टरसाठी लॅमिंग्टन रोड. घाटकोपरहून स्लो किंवा फास्ट लोकलने दादर, तिथून वेस्टर्नची गाडी पकडून ग्रँट रोडला उतरलं की लॅमिंग्टन रोड चालत. इंटरफेस मात्र बिलासह आणि वॉरंटीचाच घ्या.

पायरी ३: सॉफ्टवेअर

- ऑडॅसिटी: फुकट, हलकं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. २००० सालापासून उपलब्ध आहे. एक-दोन ट्रॅक, कापणं, नॉइज कमी करणं यासाठी उत्तम.
- गॅरेजबँड: मॅक आणि आयफोनवर फुकट. गिटारचे ॲम्प, ड्रम सगळं आत.
- बँडलॅब: अँड्रॉइडवर आणि ब्राउझरमध्ये फुकट चालतं. फोनवाल्यांसाठी सोयीचं.
- रीपर: विंडोज, मॅक, लिनक्स. साठ दिवस वापरून बघता येतं, मग वैयक्तिक लायसन्स घ्यायचं. साध्या कम्प्युटरवरही भरपूर ट्रॅक झेपतात. मी हेच वापरतो.

पायरेटेड सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. फुकट आणि अधिकृत एवढं असताना लॅपटॉपमध्ये व्हायरस घेण्यात अर्थ नाही.

उशीर कसा घालवायचा?

तार छेडली आणि हेडफोनमध्ये आवाज थोडा मागून आला, तर तो दोष बफरचा. कम्प्युटर आवाजाचे तुकडे गोळा करून एकदम हाताळतो. तुकडा मोठा तेवढा उशीर जास्त. ४८,००० सॅम्पल रेटला हिशोब असा:

- १२८ चा बफर: सुमारे २.७ मिलिसेकंद
- २५६ चा बफर: सुमारे ५.३ मिलिसेकंद
- १०२४ चा बफर: सुमारे २१ मिलिसेकंद

जाताना आणि येताना दोन्हीकडे हा उशीर लागतो, शिवाय यंत्राचा थोडा वेगळा. रेकॉर्ड करताना १२८ ठेवा. कटकट आवाज येऊ लागला तर २५६. मिक्स करताना १०२४ करा म्हणजे लॅपटॉप धापा टाकणार नाही. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाकणं गरजेचं आहे. मॅकवर वेगळं काही लागत नाही.

इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असेल तर तो सोपा उपाय. त्यात आवाज कम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येतो.

पायरी ४: दहा बाय दहाच्या खोलीत कुठे बसायचं?

हा भाग माइकने रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी, आणि हा नीट वाचा. इथे पैसे लागत नाहीत, फक्त खुर्ची सरकवावी लागते.

दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक सूर घुमतात. दहा फुटांच्या, म्हणजे सुमारे तीन मीटरच्या खोलीत पहिला घुमणारा सूर ५७ हर्ट्झच्या आसपास येतो. गिटारची सर्वात जाड तार ८२ हर्ट्झची, त्यामुळे तो आपल्याला त्रास देत नाही. पण दुसरा येतो त्याच्या दुप्पट, साधारण ११४ हर्ट्झला. आणि ए ची मोकळी तार आहे ११० हर्ट्झची. अगदी शेजारी! म्हणून आपल्याकडच्या छोट्या खोलीत ए मेजर वाजवलं की एकदम ‘भुम्’ होतं आणि डी किंवा जी वाजवलं की तसं होत नाही. गिटार खराब नसते, खोलीचा आकार तसा असतो.

हा दुसरा सूर भिंतीजवळ आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी सर्वात जोरात असतो. भिंतीपासून पाव अंतरावर, म्हणजे दहा फुटांच्या खोलीत अडीच फुटांवर, तो सर्वात कमी. तेव्हा माइक खोलीच्या मधोमध ठेवू नका. दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून साधारण अडीच-तीन फुटांवर येईल असा ठेवा आणि ए ची तार वाजवत थोडा इकडे-तिकडे सरकवून ऐका. फरक कानाला लगेच कळतो.

उरलेला प्रतिध्वनी घरातल्याच वस्तूंनी कमी होतो:

- कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून बसा.
- गादी भिंतीला उभी टेका.
- माइकच्या मागे दोरीवर जाड गोधडी टांगा.
- लादीवर सतरंजी अंथरा.

माइक कुठे ठेवायचा?

नवीन माणूस माइक थेट गिटारच्या गोल भोकासमोर ठेवतो. तिथून हवेचा झोत येतो आणि आवाज घुमा होतो. त्याऐवजी गिटारची मान जिथे पेटीला मिळते, साधारण बाराव्या फ्रेटजवळ, तिकडे माइकचं तोंड करा. अंतर १५ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे एक-दीड वीत.

अंतराचा हिशोब लक्षात ठेवा. माइक ६० सेंटिमीटरवरून ३० वर आणला की गिटारचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, पण लांबच्या विमानाचा आवाज होता तेवढाच राहतो. महाग माइक न घेता गोंगाट कमी करण्याचा हा सर्वात स्वस्त उपाय आहे. फार जवळ, वीतभराच्याही आत गेलं तर मात्र जाड सूर फुगतात आणि बोटांची घासाघीस ऐकू येते.

इलेक्ट्रिक गिटारची गुणगुण

वायरने रेकॉर्ड करताना बाहेरचा आवाज येत नाही, पण ‘घूंऽऽ’ असा आवाज येऊ शकतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे गुणगुणही ५० आणि १०० हर्ट्झला असते. एक-एक करून तपासा:

- लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. बऱ्याचदा इथेच प्रश्न सुटतो.
- पंख्याचा रेग्युलेटर आणि डिमरचे दिवे बंद करा.
- मोबाइल गिटारपासून दूर ठेवा.
- खुर्ची फिरवून बघा. सिंगल कॉइल पिकअप दिशेप्रमाणे गुणगुण कमी-जास्त घेतात.
- इंटरफेस आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर लावा.

गुणगुण घालवण्यासाठी प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हात धातूच्या तारांवर असतो, तेव्हा हा जिवाशी खेळ आहे. सगळ्या सॉकेटमध्ये गुणगुण असेल तर घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

वायरने आलेला आवाज सुरुवातीला कोरडा, पत्र्यासारखा वाटेल. त्यावर ॲम्पचं सॉफ्टवेअर लावायचं असतं. न्यूरल ॲम्प मॉडेलर फुकट आहे, गिटार रिग आणि ॲम्प्लिट्यूबच्याही फुकट आवृत्त्या मिळतात. मूळ ट्रॅक कोराच राहतो, त्यामुळे ॲम्प नंतर कितीही वेळा बदलता येतो.

पायरी ५: प्रत्यक्ष रेकॉर्डिंग

1. घरच्यांना आधी सांगा. “आई, वीस मिनिटं मिक्सर लावू नकोस,” एवढं सांगितलं की अर्धं काम होतं.
2. फोन फ्लाइट मोडवर टाका.
3. गिटार ट्यून करा. प्रत्येक टेकआधी पुन्हा बघा. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगतं आणि सूर हलतो.
4. तारा नवीन असतील तर उत्तम, पण घालून एक दिवस झालेल्या. अगदी ताज्या तारा ट्यूनिंगला टिकत नाहीत.
5. लेव्हल लावा: गाण्यातला सर्वात जोरातला भाग वाजवा आणि मीटर उणे १२ ते उणे ६ च्या मध्ये राहील असा गेन ठेवा. लाल दिवा लागला म्हणजे आवाज फाटला, तो नंतर दुरुस्त होत नाही.
6. सॉफ्टवेअरमधला क्लिक हेडफोनमध्ये चालू करा. त्याशिवाय तुकडे जोडताना लय जुळत नाही.
7. वाजवण्याआधी पाच सेकंद गप्प बसा. खोलीची ही शांतता रेकॉर्ड झालेली असली की नॉइज रिडक्शनला नमुना मिळतो.
8. प्रत्येक भागाचे तीन टेक घ्या. मध्ये विमान आलं तर थांबा, जाऊ द्या, दोन मात्रा आधीपासून पुन्हा घ्या.
9. तीन टेक झाले की थांबा आणि ऐका. बोटं दुखायला लागल्यावरचा दहावा टेक क्वचितच चांगला असतो.

पायरी ६: मिक्सिंग, गरजेपुरतं

- कापाकापी: तिन्ही टेकमधले चांगले तुकडे निवडा. जोडाच्या जागी छोटा फेड द्या, नाहीतर ‘टक्’ आवाज येतो.
- नॉइज रिडक्शन: थोडंच. जास्त केलं की गिटार पाण्याखाली वाजल्यासारखी येते.
- इक्वलायझर: ७० ते ८० हर्ट्झच्या खालचं कापा. तिथे गिटार नाही, फक्त रस्ता आणि विमान आहे. आवाज घुमा वाटला तर २०० ते ३०० च्या आसपास थोडं कमी करा.
- कॉम्प्रेसर: ३:१ च्या आसपास, हलका.
- रिव्हर्ब: ऐकू येईपर्यंत वाढवा, मग थोडा मागे घ्या.

गिटार भरदार हवी असेल तर तोच भाग दोनदा वाजवा. एक डावीकडे, एक उजवीकडे. कॉपी-पेस्ट करून हा परिणाम मिळत नाही, कारण दोन्ही ट्रॅक तंतोतंत सारखे असले की आवाज फक्त मोठा होतो, रुंद होत नाही. माणसाच्या हातातला बारीक फरकच इथे कामाला येतो.

शेवटी फोनच्या स्पीकरवर, साध्या इअरफोनवर आणि घरातल्या टीव्हीवर ऐका. बहुतेक लोक तुमचं गाणं तिथेच ऐकणार आहेत.

पायरी ७: सेव्ह आणि शेअर

मूळ फाइल वेव्हमध्ये ठेवा, मित्रांना पाठवायला ३२० चा एमपीथ्री बनवा (मिनिटाला सुमारे २.४ एमबी). स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस या पातळीला आणतं, म्हणून आवाज उगाच फुगवून फायदा नाही. सर्वात उंच टोक उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा. दुसऱ्याचं गाणं वाजवून यूट्यूबवर टाकलं तर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. स्वतःची चाल असेल तर प्रोजेक्ट फाइल तारखेसह दोन ठिकाणी जपून ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

किती रॅम लागते? आठ जीबी पुरते. चार असेल तर ब्राउझर बंद करून, कमी इफेक्ट लावून काम करा.

इंटरफेस फोनला लागतो का? बरेचसे लागतात. टाइप सी किंवा ओटीजी केबल हवी. काहींना जास्त वीज लागते, तेव्हा मधे पॉवरवाला यूएसबी हब लावावा.

सेमी-ॲकॉस्टिक वायरने घेऊ की माइकने? घर शांत असेल तर माइकने, आवाज नैसर्गिक येतो. नसेल तर वायरने. गिटारमधली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आवाज फाटतो, तेही तपासा.

माझं रेकॉर्डिंग ऐकून मलाच लाज वाटते, काय करू? ते चांगलं लक्षण आहे. वाजवताना आपलं लक्ष पुढच्या कॉर्डकडे असतं, त्यामुळे लय कुठे पळते आणि कुठली तार दबलेली राहते हे कळत नाही. रेकॉर्डिंग ते सांगतं, आणि क्लासच्या सरांपेक्षा जास्त वेळा सांगतं. तारीख घालून फाइल ठेवा, तीन महिन्यांनी तोच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका.

तर मित्रांनो, आज सामान शोधू नका. आज रात्री फोन खोलीत ठेवून दोन मिनिटांची शांतता रेकॉर्ड करा आणि तुमच्या घरातली ती वीस मिनिटं शोधा. उद्या त्या वेळेत एक कडवं वाजवा. पहिली फाइल तिथेच तयार होईल.